ळ

मे महिन्यात तळघर बरं.
वर सेहेचाळीस, खाली कूलरच्या वाळ्याचा ओला वास
आणि स्कॅनर, ज्याला साहेब 'प्रकल्प' म्हणतात.
पान उलट, काच पूस, बटण दाब. रोज चारशे.
पगारपत्रकात मी अजून परिचरच,
गळ्यातल्या पट्टीवर मात्र 'डिजिटायझेशन'.
धाकटी म्हणते, बाबा, निदान नीट उच्चारा तरी.

वर वाचनकक्षात पोरं येतात अजून,
पुस्तकासाठी नाही, प्लगसाठी.
वायफायचा पासवर्ड 'शांतता राखा'च्या पाटीवरच चिकटवलाय.
जुन्या कार्डांच्या खणात,
'म' ते 'य',
उंदरीण व्याली परवा.

तर असाच हाती आला अठ्ठ्याऐंशी सालचा एक प्रबंध.
कुमुदिनी निनावे. पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव.
प्रबंध आम्ही घरी देत नाही,
पण बसून वाचल्याची सहीसुद्धा
छत्तीस वर्षांच्या रजिस्टरांत नाही.

बाईंच्या टाइपरायटरचा ळ तुटका असावा.
प्रत्येक जागी त्यांनी निळ्या शाईने तो हाताने भरलाय.
पाळ, गाळ, कोहळी, उन्हाळी धान.
मशीन सगळं वाचतं,
निळा ळ तेवढा वाचत नाही.
पडद्यावर उमटतं: पा, गा, कोही, उन्हाी.

तिसऱ्या आठवड्यात सॉफ्टवेअर म्हणालं,
साम्य एकसष्ट टक्के.
दुसरा प्रबंध त्र्याण्णव सालचा, लाल रेग्झिन, सोनेरी अक्षरं.
नाव सांगत नाही.
वर त्या नावाचं सभागृह आहे, एसीचं.
त्यांना रजिस्टरात सही करायची गरज पडली नसावी.
दोन्ही प्रबंध एकाच फळीवर उभे होते इतकी वर्षं,
मधे फक्त कुक्कुटपालन.

मशीनवर माझा भरवसा नाही.
'ऋणनिर्देश' हा शब्दसुद्धा ते चोरीत धरतं.
म्हणून दोन्ही उघडून टेबलावर ठेवले
आणि बोट फिरवत बसलो, वॉचमन किल्ल्या वाजवेपर्यंत.
पान एकशे बारा.
इथे बाई एक ळ भरायला विसरल्या:
'भादव्यात पा फुटली.'
लाल रेग्झिन, पान एकशे एकतीस:
'भादव्यात पा फुटली.'

साहेब म्हणाले, गभणे, फाइलीत लावा, समिती पाहील.
समिती पाहून राहिली आहे.

मीच फोन लावला मग. उमरेडला असतात त्या,
नंबर मिळवायला तीन दिवस गेले.
सांगितलं सगळं. एकसष्ट टक्के, रेग्झिन, फुटलेली पा.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.
मी सांत्वनाचं एक वाक्य तयार ठेवलं होतं.
"अरे बापा," त्या म्हणाल्या,
"म्हणजे कोणीतरी वाचला होता म्हणा!"

ते वाक्य मी गिळलं.
मग त्यांनी विचारलं, जरा हळू आवाजात,
"माझे ळ दिसतात का हो त्या मशीनमधे?"
"नाही जी."

आता सुटी झाल्यावर अर्धा तास थांबतो.
पडद्यावरच्या मजकुरात एकेक ळ भरतो,
दिवसाला पन्नासेक. हे कुणी सांगितलेलं नाही,
ओव्हरटाइमही नाही.
पहिल्या प्रकरणातली तळी भरत आली.

मागच्या मंगळवारी पाहिलं तर
कोपऱ्यातला आकडा सतरावर गेलेला.
एकाने कोरचीहून उतरवून घेतलाय, रात्री दोनला.
कोण, कशासाठी, कळायला मार्ग नाही.
सही नाही, शिक्का नाही.
कोरचीत रात्री दोनला रेंज असते
हेही मला नवीनच.

पान एकशे बाराला मी हात लावलेला नाही.
ती पा तशीच फुटलेली राहू दे.