वाळवण

दापोली, खाट नऊ.
हिरुबाई पावसे, हर्णै. उजवा खुबा.
उद्या सकाळी ऑपरेशन.

मानेपासून खाली, चेहरा सोडून,
गुलाबी औषधात भिजवलेली घडी फिरवते मी:
काखा, बेंबी, बोटांच्या बेचक्या.
मनगटावरचा डाग दोनदा घासला
तेव्हा म्हणाली, "अगो, गोंदन हाय ता."

मग हात हुंगून पाहिले तिने.
"म्हावऱ्याचा वास गेला.
आता बंदरावर मला वळखनार कोन?"

"पुसू नका. फुंकरही नको.
आपोआप वाळू द्या, वाळेपर्यंत काम करतं ते."

हसली.
"वाळवन मला नको शिकवू, पोरी.
चाळीस वर्सं बोंबील टांगलेत."

आणि दोन्ही हात
अंगापासून दूर धरून
पडून राहिली,
वारा नेमका कुठल्या खिडकीतून येतो
ते बघत.