एक पूर्णांक शून्य सात

धुळ्याच्या प्रयोगशाळेत डोंगर येतो
पितळी नळीत, दोन्ही तोंडांना मेण लावून.
अंगावर चिठ्ठी : उमरीपाडा, तालुका धडगाव,
खोली दीड मीटर.
मी त्याला कापतो, वाळवतो, तोलतो,
कातरपेटीत आवळून विचारतो,
कुठवर धरून राहशील?
मातीला दोनच उत्तरं येतात,
किती चिकटते आणि किती घासते.
तिसरं उत्तर पाणी देतं, मातीच्या वतीने,
आणि ते नेहमी उलट असतं.

पर्जन्यमापक तहसीलच्या गच्चीवर,
उतारापासून बावीस किलोमीटर लांब.
मागच्या वर्षी त्यात पारव्याने घरटं केलं होतं.
तरी आकडे होते. तीन दिवसांचे, पंधरा दिवसांचे,
भिजून फुगलेल्या नोंदवहीतले.
कोन चौतीस अंश. मॉडेल रात्रभर चाललं,
सकाळी पडदाभर हिरवा रंग.
सुरक्षा गुणांक एक पूर्णांक शून्य सात.
एकाच्या वर म्हणजे डोंगर उभा.
त्या सात शतांशांवर मी डोकं टेकून झोपलो.

मे महिन्यात पडताळणीला गेलो.
ड्रायव्हरचं नाव दगा. खानदेशात असतं असं नाव,
आणि हा कधी देत नाही.
मी खणत होतो, तो बिडी विझवून म्हणाला,
"भाऊसाहेब, आठे काय सोनं शे का?"
म्हटलं, किती पावसात हे सगळं खाली येईल, ते बघतोय.
"मंग पावसायामा या ना."

रुमलीबाई पावरांच्या भिंतीला खाली तांबडा पट्टा होता,
ओलसर, कालच सारवलेला.
गेरू बाजारातला का, विचारलं.
तिने हनुवटीने उतार दाखवला.

दोन काळ्या खडकांच्या मधोमध भोक,
आत वीतभर जाडीचा थर, लाल,
मे महिन्यातही ओला, बोटांवर लोण्यासारखा सुटणारा.
आमची नळी दीड मीटरवर थांबली होती.
हा दोनवर सुरू होतो.
सासूच्या वेळी हात कोपरापर्यंत जायचा, ती म्हणाली,
आता खांद्यापर्यंत जातो.
खणून खणून, की वरचा खडक पुढे सरकला म्हणून,
ते तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.
वरचे मोह बुंध्याशी वाकलेले, शेंड्याकडे सरळ,
घसरत्या ओट्यावर तोल सावरत मोठे झालेल्या पोरांसारखे.

थर मॉडेलमध्ये घातला.
तीन दिवसांत एकशे ऐंशी मिलिमीटर धरले
तर शून्य पूर्णांक चौऱ्याण्णव.
पडदा लाल झाला.
साहेब म्हणाले, हा रंग जरा सौम्य करता येईल का?

केला नाही. पायथ्याच्या आश्रमशाळेतल्या
एकेचाळीस मुली पावसाळाभर
ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये झोपल्या,
पंखा नाही, बाहेर एकच नळ.
ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त पडला तो
तीन दिवसांत एकशे त्रेसष्ट.
मुख्याध्यापक रेहमल सरांचा फोन आला :
"आला नाही हो तुमचा डोंगर."
मागे कुणीतरी हसलं. मुलीच असाव्यात.
काय बोलायचं ते सुचेना,
म्हणून नळाचं विचारलं.

ऑक्टोबरमध्ये परत गेलो.
रुमलीबाईपेक्षा माझा हात लांब आहे.
खांदा खडकाला टेकला, गाल खडकाला टेकला,
आणि नखाच्या टोकाला तेवढा गेरू लागला.
नोंदवहीत काय लिहावं यावर मी बराच वेळ
तिथेच उकिडवा बसून राहिलो.
परतलो तर जीप जागेवर नव्हती.
दगाने ती मोरीच्या पलीकडे नेली होती,
तोंड धडगावकडे करून,
किल्ली लावलेली.