परतीचा फेरा

वार्काउसच्या शेडमध्ये उणे अकरा.
तेल गोठून मधासारखं झालंय.
आउलिक्की मोटर लावत नाही लगेच;
पट्ट्याचं चाक हातानेच फिरवते,
एक पूर्ण फेरा,
कुठे अडतंय का, कान देऊन.

माहितीपुस्तक कधी नव्हतंच.
झाकणाच्या आत भावाची पेन्सिल:
‘पाकळी सैल वाटेल. सैलच राहू दे.’
कोणासाठी लिहिलं असेल टाउनोने?
पहिल्या दिवशी तिने नेमकी तीच आवळली,
मग हत्यार परतताना घासत आलं
आणि धार बसली.

आता ठाऊक आहे.
जाताना कापायचं, जड, सावकाश.
येताना बिजागरीवर मान उचलून
रिकाम्या हाताने भर्रकन मागे.
खट्.
पोलादाची निळी वळी उडते,
थेट बुटात.

‘मिलिंगवर दहा झाले असते एव्हाना,’
दारातून एस्किल.
‘झाले असते.’

ती ठोकळ्याच्या पुढची जागा बघत राहते.
प्रत्येक फेऱ्याला चार बोटं
नुसती हवा कापतोय हा म्हातारा.
मोटर बंद करते,
हातमोजा दातांनी ओढते
आणि सतरा नंबरचा पाना शोधू लागते.