पांढरं कोणतं

मांढळच्या अलीकडे मिरचीचा सातरा.
वर निळी ताडपत्री, खाली चाळीस बायका
देठं खुडतात, खोकतात, पुन्हा खुडतात.
मी कॅमेरा तिवईवर चढवला
तेव्हा वाटलं, आता हाही शिंकेल.

पडद्यावर मिरच्या जांभळ्या,
वांग्याच्या भावंडांसारख्या.
पार्बता नन्नावरे वाकून पाहते.
"काऊन जी, तुमच्या मशीननं
मिरची कधी पाह्यली नाही का?"

मी सांगतो : ताडपत्रीतून निळा उजेड गळतो,
कॅमेरा इमानी कारकून, पडेल ते लिहितो.
तुमचा डोळा लबाड. पोत्याच्या वजनातून
बारदान काढावं तसा
तो उजेडाचा निळेपणा वजा करतो.
"मंग लबाड कसा? हिशेबी हाये."

तोच हिशेब यंत्राला शिकवायला
मी पुण्याहून आलोय. (आजोळ उमरेडचं,
पण ते इथे कुणी विचारलं नाही.)
ढिगावर एक कार्ड ठेवतो :
हे पांढरं. बाकीचे रंग याच्यावरून.

ती कार्ड उचलते. डावा डोळा झाकते, मग उजवा.
माघातल्या शिबिरात उजव्याचा मोतीबिंदू काढलाय.
"या डोळ्यानं नीळ देल्यावानी दिसते,
याच्यानं ताकावानी.
सांगा, पांढरं कोणतं?"

माझ्या वहीत पांढऱ्यासाठी एकच ओळ आहे.

"आणि दोन्ही उघडे ठेवले तर?"
"तं मिरची दिसते,"
म्हणून ती वळलीसुद्धा.
फटकी डावीकडे, लाल मांडीशी,
बोलणं मात्र पोरीच्या नर्सिंगच्या फीबद्दल,
नजर रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवर.

फोटो लहान करायचा तर आधी रंग टाका,
उजेड-अंधार जपा, डोळ्याला कळत नाही :
असं मी शिकलो. सहा वर्षं शिकवलंही.
इथे त्या टाकलेल्या रंगावर
किलोमागे मजुरी ठरते.

साडेपाचला ताडपत्री सोडली.
पडद्यावर मिरची एकदम लाल.
मी काहीच केलं नव्हतं.

कार्ड परत मागितलं तर त्यावर
बॉलपेननं लिहिलेलं : पारबता, सव्वीस किलो,
आणि कोपऱ्यात अंगठ्याचा तिखट ठसा.
नवीन कार्ड मागवायला हवं होतं.
सोमवारी प्रयोगशाळेत तेच बाहेर काढलं,
आणि शेजारच्या टेबलावरचा
दोनदा शिंकला.