डावा मोजा

फिल्म अकरा मिनिटांची.
कॅमेरा उसना, होडी उसनी,
बुडालेला माणूस म्हणजे जोरीचा मेव्हणा,
तोही दोन सँडविचवर तयार झालेला.

पोस्टरला पैसे उरले नाहीत, तेव्हा केरेन्सानं
हिवाळाभर मोजे विणले. निळे. फक्त डावे.
पाच पौंडांना एक.
उजवा मिळेल खेळाच्या रात्री, चॅपलच्या हॉलात.
आलेले सगळे पैसे लाइफबोटीला.

न्यूलिनच्या धक्क्यावर लोक हसले, पण घेत गेले.
मासेवाल्यानं तर आपला
बर्फाच्या पेटीवर टांगला, बावट्यासारखा.

म्हातारी लव्हडे ट्रेगिअर मात्र
मोजा उलटा करून बघत राहिली बराच वेळ.
"टाच चुकलीये, पोरी," म्हणाली,
"आमच्या घरात इथं दोन टाके जास्त घालतात.
त्यावरूनच तर ओळखलं मी त्याला."

केरेन्साच्या हातातला नाण्यांचा डबा
वाजायचा थांबला.

खेळाला साठ खुर्च्या, एकसष्ट माणसं,
आणि लव्हडे नाही.
तिचा उजवा अजून माझ्या खणात आहे,
टाच उसवून
पुन्हा विणलेला.
दोन टाके जास्त.