नऊ नंबरचं धुणं

पोतीच्या बंदरात, रियोनी जिथं गढूळ होऊन समुद्रात शिरते,
तिथं स्टँडखाली माझी खोली.
एकतीस वर्षं मी अकरा जणांचे सदरे धुते,
राखीव धरून अठरा.
खेळ मला कळत नाही. डाग कळतात.

गोलकीपरचा चिखल कोपरांवर,
बचाववाल्यांचा मांड्यांवर.
मुर्मान जिचोनायाचा सदरा पाठीवर मळायचा.
सतरा वर्षांचं पोर
हवेत उताणं होऊन चेंडू मारायचं
आणि पाठीवर आदळायचं, हसत.
त्याचा नऊ आकडा
मी दर रविवारी चिखलातून उकरून काढला.

त्या हिवाळ्यात वीज नव्हती, पावासाठी रांगा,
रात्री पुलापलीकडं गोळीबार.
निलगिरीची लाकडं जाळून मी पाणी तापवायचे.
तरी स्टेडियम भरायचं.
तो चेंडू घेऊन वळला
की चार हजार माणसं एकाच छातीनं श्वास ओढायची.
खाली मला ऐकू यायचं.
हातातला सदरा अर्धा पिळून मी थांबायचे.
छतातून धूळ पडली, की गोल.

मग त्राब्झोनहून कातडी कोटातला माणूस आला.
मुर्मानची आई, नाझिब्रोला,
पैसे मोजताना रडली की आधी रडून मग मोजले,
आता आठवत नाही.
जाताना तो माझ्या दारात उभा राहिला.
म्हणाला, त्सियाला मावशी, तिकडं मशीन असतं.
मी म्हटलं, मग जा की.

पुढचं सगळं मला मासळीच्या कागदावर कळलं.
बाजारातून हामसी आणायची,
कागद उलगडायचा, ओला, वास मारणारा:
एकवीस गोल.
जर्मनीतल्या कुठल्याशा कोळशाच्या गावानं विकत घेतला.
पुढच्या मोसमात सात.
प्रशिक्षकाला डोकं मारलं (फोटोत प्रशिक्षकाचं नाक दिसत नव्हतं).
पहाटे चारला कुणाच्या तरी मोटारीत, कुणाच्या तरी बायकोसह.
गुडघा.
पुन्हा गुडघा.
मग एका कागदावर त्याचा अर्धा चेहरा
आणि गोलांचा आकडा तेलाच्या डागाखाली.
तो डाग मी उजेडात धरून पाहिला.
माझ्या हातून न निघालेला पहिला.

छत्तिसाव्या वर्षी परत आला.
एक पाय दुसऱ्याची वाट पाहत चालायचा.
क्लब दुसऱ्या विभागात घसरलेला,
प्रशिक्षक त्याचाच जुना सोबती वाझा,
ज्याला हा एकेकाळी लंगडा घोडा म्हणायचा.
वाझानं त्याला बाकावर बसवलं, सतरा सामने.
लोक म्हणाले, संपला.
मी सदरे पिळते, मला ठाऊक आहे,
सुंभ जळतो, पीळ राहतो.
बाकावरून उठलेल्या माणसाचा सदरा स्वच्छ असायला हवा ना?
त्याचा बगलेत भिजलेला असायचा.
नुसतं बसून.

शेवटच्या सामन्यात वाझानं त्याला नऊ मिनिटं दिली.
पेनल्टी मिळाली, चेंडू यानंच मागितला.
मी भांडं खाली ठेवलं, छताकडं पाहिलं.
चार हजार नव्हते, तीनेकशे असतील.
तेवढ्यांनीही श्वास ओढला.

धूळ पडली नाही.

आता तो दुपारी माझ्या खोलीत येतो.
घरी थांबवत नाही, एवढंच म्हणतो.
मोजे जोडीजोडीनं गुंडाळतो, घट्ट, मुठीएवढे,
आणि दारातून, डाव्या पायानं,
मशीनच्या उघड्या तोंडात मारतो.
काल चौदातले तेरा गेले.
चौदावा माझ्या चहाच्या कपात.
त्यानं मला दोष दिला:
म्हणे, कप हलवलास.
मी म्हटलं, उचल तो मोजा.
उचलायला वाकताना गुडघा कटकन वाजला
आणि वर पाहायच्या आत
त्यानं तोच ओला मोजा पुन्हा मारला होता.