हातभर अंतर

शिरोलीत सकाळी सहाला भट्टी ओततात.
बाहुबली मगदूम लाडलमध्ये रस घेतात,
साच्यात तो निवतो
आणि पंपाचं एक बॉडी होतं, अकरा किलोचं,
अजून किंमत नसलेलं.

किंमत मी घालते.
दुसऱ्या मजल्यावर, एसीत, एक्सेलच्या रकान्यात.

खर्च चौदाशे दहा, वर पाच टक्के:
शिरोलीनं कागलला विकलं
चौदाशे ऐंशी रुपये पन्नास पैशांना.
कागल म्हणजे आमचंच मशीनशॉप,
कागदावर वेगळी कंपनी, कँटीनवाला तोच.
कागलनं तासलं, भोकं पाडली, रंग दिला,
थोडं वर ठेवून विकलं दुबईला.
दुबई म्हणजे दोन खुर्च्या, एक प्रिंटर
आणि मालकांचे जावई.
दुबईनं जर्मनीला विकलं, तिपटीनं.
पेटी कागलहून थेट बंदरावर गेली.
दुबईला गेलं ते फक्त बिल.

कायदा म्हणतो,
घरच्यालाही तीच किंमत लावा
जी परक्यानं दिली असती.
हातभर अंतर राखा.
म्हणून दर मार्चला मी परके शोधते.
राजकोटची एक फौंड्री, कोइमतूरच्या दोन,
बेळगावची एक.
बेळगाववाल्यांना चौदा टक्के सुटत होते.
त्यांना गाळलं.
शेऱ्यात लिहिलं: उत्पादनाचं स्वरूप भिन्न.

दिवाळीच्या तोंडावर मगदूम वर आले,
बूट दाराबाहेर काढून.
"म्याडम, औंदा बी आठ पॉइंट तेहतीसच व्हय?
तीन शिफ्टा ओतलंय की."
मी म्हटलं, युनिटला नफाच नाही, मामा.
"युनिटला न्हाई. बरं."

बसले. मनगटावर ठिणग्यांचे जुने डाग.

"आमच्यात वाटणी झाली तवा
म्हस आली माझ्या गोठ्यात.
वैरण माझी, शेण माझ्या बायकूनं काढायचं,
डेरीचं खातं तेवढं थोरल्याच्या नावावर.
पंधरा लिटर देती, म्याडम.
पासबुकात बघाल तर
माझी म्हस भाकड."

हसले. चहा अर्धाच ठेवून गेले,
बूट घालताना जिन्यात बराच वेळ आवाज.

मी रकान्यात गेले.
पाचाचे सहा केले.
खालच्या सगळ्या ओळी हलल्या,
दुबईचा आकडा जरासा खाली आला.
बघत बसले.

मग पुन्हा पाच.
सेव्ह.